मुंबईहून जर्मनीला: कुठला कागद आधी, कुठला नंतर

व्हिसा लागला की पेढे वाटले जातात, वजनकाटा आणून बॅगा भरायला घेतल्या जातात, नातेवाइकांकडे जेवणं होतात, आणि जी कामं फक्त मुंबईतच होऊ शकतात नेमकी तीच राहून जातात. मग जानेवारीच्या थंडीत कुणीतरी तिकडून आईला फोन करतं की वॉर्ड ऑफिसला जाऊन माझ्या जन्मदाखल्याची नवी प्रत काढ.

जर्मनीत सरकारी काम फारसं अवघड नसतं, पण ते ठरलेल्या क्रमानेच होतं. घराचा पत्ता नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर कर क्रमांक नाही, आणि कर क्रमांक नाही तर पहिला पगार हातात येतो तो भरपूर कापून. आपल्याकडे खिडकीवरच्या माणसाला ‘साहेब, एवढं बघा ना’ म्हटलं की अडलेलं काम कधीकधी पुढे सरकतं. तिथली खिडकीवरची बाईही सज्जनच असते, पण तिच्या यादीतला एक कागद कमी असेल तर ती हसतमुखाने नवी तारीख देते, आणि ती तारीख पुढच्या महिन्यातली असते.

हा लेख नोकरीवर, ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना) किंवा नर्सिंगसारख्या व्यवसायातून जाणाऱ्यांसाठी आहे. विद्यार्थ्यांच्या काही गोष्टी वेगळ्या असतात, उदाहरणार्थ खर्चाचे पैसे आधीच ठेवायचं ब्लॉक्ड अकाउंट, त्यांत मी शिरत नाही. उदाहरणं बरीचशी श्टुटगार्टकडची आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी शहरं, आणि २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तिकडे निघालेल्यांची चौकशी वाढली आहे.

पहिलं काम: नाव एक करा

बॅगेच्या आधी नाव. पासपोर्ट, पदवी, लग्नाचा दाखला, जन्मदाखला, अनुभवपत्र हे सगळे कागद टेबलावर पसरा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. पासपोर्टवरचं स्पेलिंग हेच खरं धरायचं, बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे.

सगळ्यात जास्त अडतात त्या लग्न झालेल्या मुली. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि आधारवर मधलं नाव कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं. इथे सगळ्यांना ते समजतं. तिथल्या अधिकाऱ्यासमोर मात्र त्या दोन वेगळ्या बायका असतात. या दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. लग्नपत्रिका, कार्यालयाची पावती किंवा गुरुजींनी दिलेला कागद चालत नाही. नोंदणी केलेलीच नसेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आत्ता करून घ्या. फरक त्याहून मोठा असेल, किंवा नाव पूर्णच बदललेलं असेल, तर राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते. हा अर्ज आता ऑनलाइन होतो, एकेकाळी त्यासाठी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात खेटे घालावे लागत.

आणखी एक गंमत. आपण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं लिहितो, आणि पासपोर्टात पहिली दोन मिळून एकाच रकान्यात जातात. त्यामुळे ‘सायली मिलिंद’ हे दोन्ही तिचेच नाव समजलं जातं. तक्रार करून उपयोग नाही. भाडेकरार, बँक, विमा सगळीकडे पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव लिहा. एके ठिकाणी मिलिंद आहे आणि दुसरीकडे नाही, असं होऊ देऊ नका.

जन्मदाखल्याचंही तसंच. मुंबईतल्या जुन्या नोंदींमध्ये पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांची नावं आणि तारीख असते. ते नाव नंतर घालून घेता येतं. नोंद तुम्ही राहता त्या वॉर्डात नसते, जन्म झाला त्या हॉस्पिटलच्या वॉर्डात असते. आईचं बाळंतपण माहेरी सांगलीला किंवा गुहागरला झालं असेल तर दाखला तिथूनच येणार. म्हणून हे काम तिकीट काढायच्या आधी.

अपॉस्टिलबद्दल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारल्या जाणाऱ्या सरकारी शिक्क्याबद्दल, जपून. कुठलाही एजंट पहिल्यांदा ‘सगळे कागद अपॉस्टिल करून घ्या’ असं सांगतो, कारण त्यात त्याचे पैसे असतात. भारत २००५मध्ये अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप नोंदवला. त्यामुळे दुसऱ्या देशांसाठी उपयोगी पडणारा तो शिक्का जर्मन कार्यालयात बहुधा कामाचा नसतो. तिथलं कार्यालय गरज वाटली तर भारतातल्या जर्मन दूतावासामार्फत कागदाची पडताळणी मागवतं, आणि त्याला काही महिने जातात. तेव्हा ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे त्यालाच मेल करून विचारा, त्याशिवाय एजंटच्या हातात पैसे ठेवू नका.

पदवी, परवाना आणि एजंट

तुमची पदवी जर्मनीत कशाच्या बरोबरीची धरली जाते हे ‘अनाबिन’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही तपासायचे असतात, एकच सापडून भागत नाही. नोंद नसेल तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या बॉनच्या सरकारी कार्यालयाकडून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र मागवावं लागतं. मुंबई विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट कलिन्याहून काढताना एकाऐवजी दोन-तीन संच काढा.

नर्सिंगच्या मुलींना पदवीखेरीज विषयवार तासांचा तपशील असलेला अभ्यासक्रम आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. थिअरीचे किती तास, वॉर्डमधले किती, कुठल्या विभागात, हे जितकं स्पष्ट तितकं बरं. जर्मनीत राज्याचं खातं त्याची छाननी करून उरलेली उणीव सांगतं, मग ती भरून काढायला प्रशिक्षण किंवा परीक्षा असते. तोपर्यंत पूर्ण परिचारिका म्हणून नाही, मदतनीस म्हणून काम आणि तसाच पगार. हा फरक करारात नीट वाचा. ‘पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि तो परवाना ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर पाहता येतो. परवानाधारक एजंटला तुमच्याकडून सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. लाखांच्या गोष्टी करणाऱ्याला आधी परवाना क्रमांक विचारा, बोलणं तिथेच आटोपतं.

भाषा इथेच सुरू करा. काळा घोड्याजवळच्या मॅक्स म्युलर भवनात शिका किंवा आणखी कुठे शिका, पण परीक्षा ज्यांची मान्य आहे त्यांचीच द्या. नवरा किंवा बायको मागाहून येणार असेल तर सहसा ‘ए वन’चं, म्हणजे भाषेच्या पहिल्या पायरीचं, प्रमाणपत्र लागतं. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. सूट आहे म्हणून शिकायचं नाही असं मात्र करू नका. नवरा दिवसभर ऑफिसात इंग्रजी बोलतो, दुकानात, दवाखान्यात आणि पाळणाघरात जर्मन लागतं ते तिला.

इथली टोकं बांधून जा

भारतीय मोबाइल क्रमांक बंद करू नका. बँक, आयकर, भविष्य निर्वाह निधी, आधार, सगळ्यांचे ओटीपी त्याच्यावर येतात. नंबर चालू राहील एवढा लहानात लहान प्लॅन घ्या, रोमिंग इथूनच सुरू करून घ्या, आणि रिचार्जची तारीख घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा. नंबर गेला तर तो परत मिळवायला स्वतः यावं लागतं.

नोकरीसाठी देश सोडलात की साधं बचत खातं तसंच चालवणं नियमात बसत नाही. ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं, भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्यायचं, आणि परदेशातला पगार भारतात ठेवायचा असेल तर वेगळं एनआरई उघडायचं. म्युच्युअल फंड आणि डीमॅटलाही ही माहिती द्यावी लागते. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतं, मुदत वाढवता येत नाही.

स्वतःचा फ्लॅट असेल तर भावाच्या किंवा आईच्या नावे मुखत्यारपत्र करा, त्यात काय करायचा अधिकार आहे ते स्पष्ट लिहा, आणि सोसायटीकडे नॉमिनेशन भरलंय का बघा. सोसायटीच्या सेक्रेटरीला नवा पत्ता आणि मेल द्या. पुनर्विकासाचं घोडं कधी पुढे दामटेल सांगता येत नाही.

मुलांचं लसीकरणाचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेवा. जर्मनीत २०२०पासून गोवराची लस घेतल्याचा पुरावा दिल्याशिवाय पाळणाघरात किंवा शाळेत प्रवेश मिळत नाही. १९७०नंतर जन्मलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाही तोच नियम आहे. दातांची कामं आणि चष्मे इथेच उरकून घ्या. रोजची औषधं दोन-तीन महिन्यांची न्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव तिथे कुणाला कळत नाही. केमिस्टकडे जाऊन अँटिबायोटिक मागून आणण्याची सोय तिथे नाही.

गाडी चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. त्यावर एक वर्षाची मुदत असली तरी जर्मनीत राहायला गेल्यावर भारतीय परवान्यावर सहाच महिने चालवता येतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा. खर्च हजारांत जातो, आणि तोही युरोत.

बॅगेचं म्हणाल तर युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे आजीचं साजूक तूप, पेढे, खवा, सगळं इथेच. बहुतेक ताज्या फळांना आणि भाज्यांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून हापूसही नाही आणि कढीपत्त्याची जुडीही नाही. मजा म्हणजे सुक्या बोंबलांना त्या नियमात जागा आहे, फक्त शेजारच्यांनी पोलीस बोलावू नयेत एवढी काळजी तुमची तुम्ही घ्या. गोडा मसाला, मेतकूट, कोकम, चकली खुशाल न्या. डाळी, तांदूळ, पोहे न्यायची गरज नाही, आशियाई दुकानांत मिळतात. कुकर घेताना इंडक्शनवर चालणारा घ्या. आपले बारीक दोन पिनांचे प्लग तिथे बसतात, मिक्सरच्या तीन पिनांना मात्र अडॅप्टर लागतो. रोख किंवा तत्सम १०,००० युरो किंवा जास्त असतील तर विमानतळावर जाहीर करावे लागतात, पण एवढे जवळ बाळगायचं कारण काय?

पोचल्यावर: पत्ता

पहिल्या महिन्यासाठी कंपनी जागा देत असेल तर उत्तम. नसेल तर सामान लावलेली तात्पुरती खोली इथूनच ठरवा, आणि ठरवताना एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावर ‘आन्मेल्डुंग’ करता येईल का? आन्मेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नागरिक कार्यालयात ती करायची असते, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला, तुम्ही खरोखर तिथे राहता असं सांगणारा कागद लागतो. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. हॉटेलवाले आणि पर्यटकांना खोल्या देणारे हा कागद बऱ्याचदा देत नाहीत. दोनशे युरो वाचवायला नोंदणी न होणारी स्वस्त खोली घेतली की पुढची सगळी रांग थांबते.

नोंदणीची वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. मुंबईत असतानाच घ्या. जवळची तारीख मिळत नसेल तर त्याच शहरातली दुसरी कार्यालयं बघा, आणि सकाळी लवकर पुन्हा पाहा, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. जाताना घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट, विवाहाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले.

अर्जात धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत की चर्चचा कर सुरू होतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि बायर्नमध्ये (बव्हेरियात) तो आयकराच्या ८ टक्के, बाकी जर्मनीत ९ टक्के. हिंदू, मुस्लिम, बौद्धांना असा कर नाही. वसई, उत्तन, गोराईच्या माणसांनी घरी बोलून, विचार करून तो रकाना भरावा. ती रक्कम चर्चच्या कामाला जाते, द्यायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण नकळत सुरू व्हायला नको.

आणि पत्रपेटी. तिथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. तुमचं आडनाव तिथे नसेल तर पत्र परत जातं, आणि पुढचे सगळे महत्त्वाचे कागद पोस्टानेच येणार असतात. किल्ली हातात आली की त्याच दिवशी कागदाच्या चिठ्ठीवर आडनाव लिहून चिकटवा. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तर त्याच्या नावाखाली आपलं.

पत्त्यानंतरची रांग

नोंदणीची पावती मिळाली की कर क्रमांक आपोआप पोस्टाने येतो, साधारण दोन-तीन आठवड्यांत. अकरा आकड्यांचा हा क्रमांक जन्मभरासाठी एकच असतो. तो कंपनीला लगेच कळवा. क्रमांक दिला नाही तर सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. जास्त गेलेला नंतर परत मिळतो, पण सुरुवातीच्या महिन्यांत घराचं डिपॉझिट भरायच्या वेळी तो कामाला येत नाही.

दरम्यान बँक खातं. काही बँका नुसत्या पासपोर्टावर उघडतात, काहींना नोंदणीची पावती हवी असते. आरोग्य विमा मात्र पर्यायाचा विषयच नाही, तो सक्तीचा आहे. सरकारी विमा संस्थांचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडा जादा हप्ता, त्यातला निम्मा मालक भरतो. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात, हे कुटुंबवाल्यांसाठी फार महत्त्वाचं. खाजगी विमा तरुण माणसाला स्वस्त दिसतो, विकणारेही गोड बोलतात. पण त्यात माणशी वेगळा हप्ता असतो आणि एकदा गेलं की परत सरकारीकडे येणं कठीण. बायको-मुलं येणार असतील तर माझं मत स्पष्ट आहे: सरकारीच घ्या. व्हिसासाठी काढलेला प्रवासी विमा म्हणजे आरोग्य विमा नव्हे, नोकरी सुरू झाली की तो विसरा.

तिसरा धागा परदेशी नागरिक कार्यालयाचा. तुमच्या पासपोर्टातला व्हिसा काही महिन्यांचाच असतो, तो संपायच्या आत राहण्याच्या परवान्याचं कार्ड मिळवायचं असतं. मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ मिळायला महिने लागतात. म्हणून पत्ता नोंदवला की त्याच आठवड्यात ऑनलाइन अर्ज किंवा मेल करा आणि त्याची प्रत छापून ठेवा. व्हिसा संपायच्या आधी अर्ज केलेला असला की निर्णय होईपर्यंत राहण्याचा तात्पुरता दाखला मिळतो. त्या दाखल्यावर भारतात येऊन परत जाता येईल का, हे तिकीट काढायच्या आधी त्यांनाच विचारा. गणपतीला येऊन इथेच अडकून पडण्यासारखा मनस्ताप नाही.

कायमचं घर

मुंबईत घर शोधणं म्हणजे एजंट, एक महिन्याची दलाली, लाखभर डिपॉझिट आणि दर अकरा महिन्यांनी पुन्हा तोच खेळ. तिथे भाडेकरार बहुधा बेमुदत असतो, दलाल ज्याने बोलावला त्यानेच त्याचे पैसे द्यायचे असतात, आणि डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही. तेही तीन हप्त्यांत द्यायचा तुमचा हक्क आहे. ऐकून बरं वाटतं. अडचण अशी की एकेका घरासाठी ढिगाने अर्ज येतात आणि निवड घरमालकाची असते.

जाहिरात वाचायला शिका. ‘दोन खोल्या’ म्हणजे हॉल धरून दोन, म्हणजे आपला वन बीएचके. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर मोजत नाहीत. पन्नास चौरस मीटर म्हणजे सुमारे ५४० चौरस फूट, आणि तो मोजलेला कार्पेट. भाडं दोन प्रकारचं लिहिलेलं असतं. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसती जागा, ‘वार्ममीटे’त पाणी, हीटिंग, कचरा, जिन्याची सफाई वगैरे धरलेली. तुमच्या खिशाला दुसरा आकडा लागतो, आणि वीज-इंटरनेट त्याहून वेगळं.

आणि स्वयंपाकघर आहे का ते बघा. हे खोटं वाटेल, पण अनेक भाड्याच्या घरांत किचन म्हणून दाखवलेल्या खोलीत भिंतीतून आलेले नळ आणि शेगडीची वायर एवढंच असतं. ओटा, सिंक, कपाटं, शेगडी आधीचा भाडेकरू काढून नेतो. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशे’ हा शब्द असेल तर किचन लावलेलं आहे. नसेल तर जाणाऱ्या भाडेकरूकडून त्याचं किचन विकत घेता येतं का विचारा, नव्यापेक्षा खूप स्वस्त पडतं.

अर्जासोबत घरमालक ‘शूफा’चा अहवाल मागतो, म्हणजे आपल्याकडच्या सिबिलसारखा. नव्याने आलेल्याचा तो कोराच असतो. त्याची भरपाई नोकरीच्या कराराने होते. करार, पासपोर्ट, व्हिसा, मिळाली असतील तर पगारपत्रकं, आणि स्वतःची चार ओळींची ओळख जर्मनमध्ये, हे सगळं एका पीडीएफमध्ये तयार ठेवा. जाहिरात पडल्यावर तासाभरात जाणाऱ्या अर्जाला उत्तर मिळतं, संध्याकाळी ऑफिसहून येऊन पाठवलेल्याला क्वचितच.

घर न दाखवता पैसे मागणारा फसवणारा असतो. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ हे वाक्य आलं की बोलणं बंद करा, भाडं कितीही कमी असो.

ताबा घेताना भिंतीवरचा प्रत्येक डाग, फरशीवरचा ओरखडा, मीटरचे आकडे हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्या आणि फोटो काढा. सोडताना तीन महिन्यांची लेखी नोटीस लागते, व्हॉट्सअॅपवर कळवून चालत नाही. हिवाळ्यात रोज दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, थंडी वाजली तरी. आपल्या भाताची वाफ आणि फोडण्या बंद घरात भिंतींना बुरशी आणतात, आणि त्या बुरशीचे पैसे डिपॉझिटमधून जातात.

पत्रं, विमा, शेजार

नोंदणीनंतर काही दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं: घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरायचेच. एका घरात तिघं राहत असाल तर एकानेच भरायचे, बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. हे पत्र जाहिरात समजून फेकणारे पुष्कळ असतात, मग दंडासह मागणी येते. एकूणच कुठलंही पत्र न वाचता टाकू नका. पिवळ्या पाकिटातलं पत्र कायदेशीर असतं, आणि त्यावर पोस्टमनने लिहिलेल्या तारखेपासून मुदत मोजली जाते, म्हणून पाकीटही जपा.

सक्तीचा नसलेला पण घ्यावाच असा एक विमा आहे, दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा, ‘हाफ्टप्फ्लिश्ट’. वर्षाला थोडे युरो लागतात. तुमच्या मुलाने सायकलने कुणाची गाडी घासली की त्याची किंमत कळते.

रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही, रविवारी दिवसभर ड्रिल-हातोडा नाही. दुकानंही रविवारी बंद, तेव्हा शनिवारी दूध आणून ठेवा. श्टुटगार्टच्या बाजूला ‘केरवोखे’ असते: आठवडा तुमचा असेल तेव्हा दारावर पाटी लटकते आणि जिना तुम्ही झाडायचा. ‘बाई लावू का’ असं विचारायच्या आधी एकदा स्वतः झाडा, शेजारच्या आजी ओळख द्यायला लागतात.

ट्रेनला गेट नसतं, पण टीसी साध्या कपड्यांत येतो आणि दंड ६० युरो. देशभर स्थानिक गाड्यांना चालणारं डॉइचलांड-तिकीट २०२३मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२६पासून ६३ युरो आहे. ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत.

आजारपण आणि मुलं

आजारी पडायच्या आधी घराजवळचा फॅमिली डॉक्टर शोधा. बरेच डॉक्टर नवे पेशंट घेत नाहीत, तापात शोधत फिरणं कठीण. तज्ज्ञाकडे जायला त्याचीच चिठ्ठी लागते किंवा उपयोगी पडते. रात्री-रविवारी तातडीचं पण जिवावरचं नसेल तर ११६११७, जिवावरचं असेल किंवा आग लागली तर ११२, पोलीस ११०. साध्या सर्दीला डॉक्टर गरम चहा प्या म्हणून परत पाठवतात, इंजेक्शनची अपेक्षा ठेवू नका.

एक वर्षाच्या मुलापासून पाळणाघरात जागा मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. हक्क असला तरी जागा नसते, त्यामुळे पत्ता ठरला की त्याच दिवशी नाव नोंदवा, एकाच नव्हे, जवळच्या सगळ्या ठिकाणी. सहाव्या वर्षी शाळा सक्तीची, आणि घरी शिकवायला परवानगी नाही. बालभत्त्याचा अर्जही लगेच करा. राहण्याच्या परवान्याचा प्रकार योग्य असेल तर तो परदेशी पालकांनाही मिळतो, पण उशीर केला तर मागच्या सहा महिन्यांपुरताच देतात.

आईवडिलांना फोन करताना हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक धरा, उन्हाळ्यात साडेतीन. श्टुटगार्टसह मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत. पहिल्या महिन्यात जाऊन या, जुनं फर्निचर, पाळणाघराची खरी माहिती आणि भाकरीचं पीठ तिथेच मिळतं. फक्त सगळे शनिवार तिथेच घालवू नका, कारण पुढचं सगळं भाषेवर अडतं.

ब्लू कार्डवाल्याला ‘ए वन’ एवढी जर्मन येत असेल तर कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनंतर मिळू शकतो, ‘बी वन’, म्हणजे तिसरी पायरी, असेल तर २१ महिन्यांनंतर. नोकरी सुरू झाल्यावर ‘शिकू सावकाश’ म्हणणारे पुष्कळ असतात. संध्याकाळचे वर्ग शहराच्या लोकशाळेत, ‘फॉल्क्सहोखशूल’मध्ये, खाजगी क्लासच्या मानाने स्वस्तात असतात आणि ते लवकर भरतात, म्हणून पहिल्या सत्रातच नाव घाला. परीक्षेची तारीख एकविसाव्या महिन्याच्या बरीच आधीची घ्या, निकालाचं प्रमाणपत्र यायलाही आठवडे लागतात. दर महिन्याचं पगारपत्रक आणि पेन्शन खात्याकडून मागवून घेतलेला हप्त्यांचा तपशील एका फायलीला लावत जा, त्या अर्जाबरोबर दोन्ही मागतात.